आईसाठी सोडलेला खेळ

पार्सल कचेरीत सगळं फेकलं जायचं. गोणी, खोकी, सुतळीचे गुंडे, चहाचे रिकामे कप, शिव्यासुद्धा. ट्रकच्या तोंडाशी उभा असलेला पैलवान खोकं भिरकवायचा, मधला माणूस ते झेलून पुढे लोटायचा आणि ते धप्पकन वजनकाट्यावर येऊन बसायचं. खोक्यावर 'काच, जपून' अशी लाल चिठ्ठी असली तर पैलवान फेकता फेकता तोंडाने "जपून रे" म्हणायचा. फरक तेवढाच.

फेकायचा नाही तो फक्त कसोटी. काट्याशेजारच्या टेबलावर बसून तो पावत्या फाडायचा. कुणी म्हणालं, "साहेब, ती कात्री टाका जरा इकडे," की तो उठायचा, टेबलाला वळसा घालून यायचा आणि कात्री त्या माणसाच्या हातात ठेवायचा. नवीन लागलेल्याला तो शिष्टपणा वाटायचा. जुने त्याला बाजूला घेऊन सांगायचे, "तसं नाही रे. वळण आहे ते. देशासाठी खेळलेला माणूस आहे."

देशासाठी तो नऊ कसोटी सामने खेळला होता, म्हणून नाव कसोटी. डावखुरा फिरकी गोलंदाज. चेंडू असा वळायचा की फलंदाज खेळून झाल्यावर पायाखाली बघत राहायचे, पडलेलं नाणं शोधल्यासारखे. आणि सत्ताविसाव्या वर्षी, म्हणजे फिरकीवाल्याच्या बोटांना जेमतेम अक्कल यायला लागते त्या वयात, त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याला आता बावीस वर्षं झाली होती.

"साहेब, तुम्ही आलात यात," म्हणत पैलवानाने एका दुपारी आपला फोन काट्यावरच ठेवला. काट्याने फोनचं वजन दाखवलं आणि कसोटीने सवयीने ते वाचलं.

फोनवर चित्रफीत चालू होती. घाईघाईत निवृत्त झालेले दहा क्रिकेटपटू. एकाचं कर्णधाराशी वाजलं होतं, एकाचा गुडघा गेला होता, एकाने सासऱ्याच्या धंद्यात उडी मारली होती. सातव्या नंबरला कसोटी आला. काळे केस, बारीक मान, अंगाला मोठा होणारा स्वेटर. मागे व्हायोलिन सुरू झालं.

"बाकीच्या नऊ जणांना व्हायोलिन नाही हं," पैलवान अभिमानाने म्हणाला. "फक्त तुम्हाला."

नवा कॅशियर चष्मा वर करून बघत होता. "साहेब, खरंच आईसाठी सोडलंत?"

कसोटीने तोंड उघडायच्या आत तिघंजण बोलले.

"आईसाठीच."

"अर्धांग झालं होतं. उजवी बाजू पूर्ण गेली."

"अजून खुर्चीतच आहेत. आमच्यासारखे असते तर म्हणाले असते, ठेवू एखादी बाई सांभाळायला. साहेबांनी देश सोडला, आई नाही सोडली."

"देश नाही रे, खेळ."

"तेच ते."

कसोटीने तोंड मिटलं. या प्रश्नाचं उत्तर बावीस वर्षांत त्याने स्वतः एकदाच दिलं होतं, पहिल्यांदा. पुढची सगळी उत्तरं लोकांनीच दिली.

आता त्या आईकडे येऊ.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीला रस्त्याकडे उघडणारी खिडकी, तिला उभे गज आणि गजांपाशी व्हीलचेअर. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्या खुर्चीत एक म्हातारी दिसायची, गुडघ्यांवर चौकडीची चादर, उजवा हात मांडीवर उताणा पडलेला. लोक हात करायचे. ती डाव्या हाताने उत्तर द्यायची.

खिडकीचा पडदा ओढला आणि दाराला कडी लागली की म्हातारी उठायची, चादरीची घडी करायची आणि स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा डबा काढायची.

नऊ महिन्यांत बरी झाली होती ती. झटका आला तेव्हा मुलगा परदेशात दौऱ्यावर होता. तो आला, विमानतळावरच पत्रकारांना म्हणाला, "आई आजारी आहे, आता मी घरी," आणि खरोखर घरी राहिला. त्याने तिला भरवलं, बसवलं, धरून धरून चालवलं. दहाव्या महिन्यात ती ओट्याशी उभी राहून दूध तापवत होती. बेल वाजली. क्रिकेट मंडळाचे एक गृहस्थ दारात. मुलगा त्यांना म्हणत होता, "या ना," आणि ते म्हणत होते, "आईची तब्येत सुधारली असेल, तर संघात तुमची जागा अजून..."

दूध तिथेच टाकून आई आतल्या दाराने पुढच्या खोलीत गेली आणि खुर्चीत बसली. चादर ओढली. हात उताणा टाकला.

गृहस्थ आत आले, बघितलं, च्च च्च केलं, चहा प्यायले आणि गेले. दूध उतू गेलं होतं. मुलाने ओटा पुसला. आईने विचारलं नाही, मुलाने सांगितलं नाही. त्या दिवसापासून घराला नियमच पडला: बेल वाजली की आई आजारी.

पुढे कसोटीचं लग्न झालं. नव्या नवरीला तिसऱ्या दिवशी सासू स्टुलावर चढलेली दिसली आणि तिच्या हातातली परात खाली पडली.

"आई, तुम्ही चालता?"

"घरात."

"आणि बाहेर?"

"बाहेर आम्ही आजारी असतो," सासू म्हणाली. "तो खालचा डबा दे बघू वर."

बायकोने नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "लोक उगाच मागे लागतील, परत ये म्हणून. मला आता नको तो खेळ. आईला ते कळतं." एवढंच. बायको हुशार. नाटकात उशिरा प्रवेश असलेल्या नटीसारखी ती आली होती. बाकीच्यांच्या भूमिका ठरलेल्या, तिने आपली शोधली. बेल वाजली की "आले, आले, हातातलं ठेवून आले" असं लांबण लावत दाराशी जायचं, तोवर सासू खुर्चीत. इतक्या वर्षांत ते कधी चुकलं नाही. डॉक्टरांना माहीत होतं. ते म्हणाले होते, "चालत राहा म्हणजे झालं. घरात तर घरात." मुलगी मोठी झाली, शिकायला दुसऱ्या गावी गेली, तिलाही लहानपणी 'बाहेर बोलायचं नाही' या यादीतली पहिली गोष्ट म्हणून हेच शिकवलं होतं.

आणि मग किपर आला.

किपर म्हणजे संघातला जुना यष्टिरक्षक. कसोटीच्या नऊच्या नऊ सामन्यांत तो यष्टींमागे होता. आता पोट सुटलेलं, बोटं सगळी वाकडी, दहा दिशांना दहा, आणि जुन्या क्लबाचा सेक्रेटरी.

"काकू, ओळखलंत का?" तो खुर्चीशी वाकला.

"बोटांवरून ओळखलं," आई म्हणाली.

"तुमचा मुलगा चेंडू वळवायचा आणि माझी बोटं वळायची." तो खुर्ची ओढून बसला. "काम काढून आलोय. क्लबाच्या मैदानावर सरावाच्या नव्या जाळ्या बांधल्यात. रविवारी सकाळी उद्घाटन. पहिला चेंडू याने टाकायचा. आणि काकू, तुमचा सत्कार. सगळ्या क्लबाची इच्छा आहे."

"माझा खांदा..." कसोटीने सुरुवात केली.

"अरे एक चेंडू. सुट्टीवर आलेला पोस्टमनसुद्धा टाकेल. समोर फलंदाजही नाही ठेवत. मी उभा राहतो मागे, पूर्वीसारखा."

"नको रे. आईला एवढ्या लांब..."

"येऊ आम्ही," आई म्हणाली.

किपर गेला. बायकोने कडी लावली, पडदा ओढला. आई उठली नाही. खुर्चीत तशीच बसून म्हणाली, "रविवारी मी उठणार आहे."

कसोटीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कुठे उठणार?"

"मैदानावर. सगळ्यांसमोर. उभी राहीन आणि चालत घरी येईन."

"आई, काहीतरीच काय."

"काहीतरी काय त्यात? अरे, या खिडकीतून मला न्हाव्याच्या दुकानापर्यंत दिसतं. तिथे रस्ता वळतो. दवाखान्यात नेता ते दुसरीकडून. बावीस वर्षं झाली, त्या वळणापुढे काय आहे ते मी बघितलेलं नाही. माणसं तिकडून येतात, तिकडे जातात, कुणी पिशव्या भरून आणतं, कुणी हसत येतं. मला जायचंय तिथे. पायाने. कुणी ढकलत नसताना."

"मग जा ना. हळूहळू सांगू लोकांना. आधी काठी..."

"पाच वर्षांपूर्वी काठी म्हणालास. त्याच्या आधी म्हणालास, मुलीची शाळा होऊ दे."

"लोक विचारतील, कधीपासून चालता. काय सांगायचं?"

"खरं."

बायको दाराला टेकून उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं. खऱ्याचं नाव काढताच हा माणूस असा पांढराफटक का पडावा, हे तिला कळेना. एक म्हातारी लवकर बरी झाली आणि मुलाला परत खेळायचं नव्हतं, यात फासावर जाण्यासारखं काय आहे?

"मी त्र्याहत्तर वर्षांची आहे," आई म्हणाली. "आता खोटंखोटं बसता बसता खरंच बसायची वेळ येईल. त्याच्या आधी, एवढंच म्हणते. तू एक चेंडू टाक, मी चार पावलं टाकते. फिटंफाट."

शनिवारी दुपारी आई आत झोपली होती. इमारतीच्या मागे, भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये एक बोळ होता. दोरीवर कपडे, कोपऱ्यात मोडका कूलर. बायको कपडे काढायला स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि थांबली.

बोळाच्या एका टोकाला तिचा नवरा उभा होता. डाव्या हातात लाल चेंडू. तिने त्याला कधी गोलंदाजी करताना बघितलंच नव्हतं. लग्न झालं तेव्हा तो खेळ संपवून पार्सल कचेरीत चिकटला होता. तो चार पावलं हलकेच धावला, अंग वळलं, हात वर गेला. इतकं सुंदर काही या माणसात असेल असं तिला आयुष्यात वाटलं नव्हतं. आणि मग हात वरच्या वर थांबला. मधूनच वीज गेल्यावर पंखा थांबतो तसा नाही, एकदम. चेंडू हातातच. तो दोन पावलं पुढे भेलकांडला, परत मागे गेला. पुन्हा धावला. हात वर गेला आणि थांबला. तिसऱ्यांदा त्याने जोर लावला तेव्हा चेंडू सुटला खरा, पण त्याच्याच पायावर आदळून कूलरखाली गेला.

"अहो," ती म्हणाली.

तो दचकला नाही. जणू बावीस वर्षं या 'अहो'ची वाटच बघत होता.

"काय झालंय हाताला?"

"हाताला काही नाही. सगळे एक्स-रे काढून झाले. तेव्हाच." तो दगडावर बसला. "सुटतच नाही. बोटं उघडत नाहीत. कुणी बघत असलं की तर नाहीच, एकटा असलो तरी नाही."

"कधीपासून?"

"नववी कसोटी. तिसरा दिवस, चहापानानंतर. चेंडू टाकला तो तीन टप्पे पडून गेला. लोक हसले, मीही हसलो. पुढचा कुठल्या कुठे. मग हातातच राहिला. किपर धावत आला, म्हणाला, घाम आलाय का बोटांना? मी म्हटलं, हो. कर्णधाराला बोट दुखतंय म्हणून सांगितलं, बाहेर बसलो. रात्रभर हॉटेलच्या खोलीत उशीवर चेंडू टाकत होतो. उशीवर. एक हात अंतर. सुटेना."

ती दोरीला धरून ऐकत होती.

"सकाळी फोन आला, आईला झटका आलाय म्हणून. आणि मला," तो थांबला, "मला हायसं वाटलं. आधी हायसं वाटलं. आई मरते का जगते ते मागून मनात आलं."

बायको म्हणाली, "म्हणून मुलीला कधी हवेत उडवून झेललं नाहीत. सगळे बाप उडवतात. मला वाटायचं, घाबरट आहात."

"घाबरटच आहे."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर आईला कळलं असतं. ती माझ्यासाठी बसली. तिला वाटतं, मला खेळ नको होता. आणि जग म्हणतं, मी तिच्यासाठी सोडलं. आता काय सांगू तिला? तू ज्याच्यासाठी बसलीस तो तुझ्या आजाराच्या आडोशाला लपला होता?"

"सांगायची गरज नाही," आई म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, चपला न घालता. कधी उठली देव जाणे.

"लहानपणी तू मला एक वस्तू कधी हातात दिली नाहीस. चावी माग, फेकून. कांदा माग, फेकून. सुईचं रीळसुद्धा तिकडून इकडे. ओरडून ओरडून माझा घसा बसायचा. त्या दौऱ्यावरून आलास, मी अंथरुणात होते, धड बोलता येत नव्हतं. टॉवेल मागितला. तू खोलीच्या त्या टोकाला होतास. उठलास, आलास आणि हातात दिलास. मला वाटलं, आजारी आहे म्हणून. मग चमचा. मग औषधाची बाटली. महिनाभर बघितलं मी. बाटली सोड, उशी फेकेना हा मुलगा."

कसोटी दगडावरून उठला.

"काय झालंय ते कळलं नाही. क्रिकेटमधलं मला काय कळतंय? पण हातून काहीतरी गेलंय, एवढं कळलं. मग तो मंडळाचा माणूस आला, आणि 'आई बरी असेल तर' म्हणाला. म्हणून बसले."

"मला वाटलं तू..."

"आणि मला वाटलं, वर्षा-दोन वर्षांत तूच सांगशील, आई ऊठ आता." ती दाराच्या चौकटीला धरून उंबऱ्यावर टेकली. "एवढं सगळं असेल तर राहू दे उद्याचं. बसते मी. अजून काही वर्षं बसायला काय जातंय? शिवून घेतलीय ती खुर्ची माझ्या मापाने."

"नाही," कसोटी म्हणाला. "तू उठायचंस. मी उद्या माईकवर सांगतो. सगळ्यांना. काय झालं होतं ते."

"सांगशील?"

"सांगतो."

बायकोने कूलरखालून चेंडू काढला, चटका बसेल असा दोन बोटांत धरला आणि चालत जाऊन त्याच्या हातात ठेवला. या घरात कुणी काही फेकत नाही, हे तिच्या आता लक्षात आलं. तिला ही सवय कधी लागली, तेच आठवेना.

रविवारी मैदानावर दीडदोनशे माणसं होती. कचेरीतली यच्चयावत मंडळी, पैलवान इस्त्रीचा शर्ट घालून. नव्या जाळ्यांना रंगाचा वास येत होता. किपरने आईची खुर्ची जाळीच्या तोंडाशी, गोलंदाजाच्या बाजूलाच लावली. मग माईक घेतला.

"आपल्यात असे खेळाडू झाले, ज्यांनी खेळ सोडल्यावर लोक म्हणाले, बरं झालं. आणि एखादाच असा, ज्याने सोडल्यावर लोक अजून विचारतात, का सोडलास? तर का सोडला? कारण इथे या खुर्चीत बसलंय."

टाळ्या. आईने डावा हात वर केला.

"बोलशील काही?" किपरने विचारलं.

"आधी बोलतो," कसोटी म्हणाला.

"आधी चेंडू, मग भाषण. भाषण आटोपलं की लोक चहाकडे पळतात." आणि किपर यष्टींमागे जाऊन बसलासुद्धा, गुडघ्यांचा कट्ट आवाज इथवर आला.

कसोटीच्या हातात नवा चेंडू होता. त्याने बोटं शिवणीवर ठेवली. तो चार पावलं धावला, अंग वळलं, हात वर गेला.

थांबला.

कुणीतरी खाकरलं. तो मागे गेला, पुन्हा आला. पुन्हा हात वर, पुन्हा थांबला. पलीकडे किपर ग्लोव्ह्ज उघडून बसला होता, आणि त्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरत होतं. किपर सगळं ओळखून होता, नवव्या सामन्यातल्या त्या दिवसापासून. यष्टिरक्षकापासून गोलंदाजाचं काय लपतं? त्याला वाटलं होतं, इतक्या वर्षांत सुटलं असेल. आपल्याच माणसांत एक चेंडू, आणि मोकळा होईल बिचारा.

तिसऱ्यांदाही हात वरच राहिला. कसोटी मधोमध उभा, डावा हात आभाळात, कपाळावर घाम. खाली घेता येईना, सोडता येईना.

आई उठली.

तिने चादर बाजूला केली, खुर्चीच्या दांड्यांवर भार दिला आणि उठली. चार पावलं आधी ठरलेली होती; ती सात-आठ चालली. मुलापाशी जाऊन तिने ओंजळ पुढे केली. त्याने हात खाली आणला आणि चेंडू तिच्या ओंजळीत ठेवला.

मागून पैलवानाचा आवाज फुटला, "आई चालली," आणि सगळं मैदान उभं राहिलं. माणसं रडत होती. दीडशे हात फोन धरून वर गेले. किपर ग्लोव्ह्ज टाकून धावत आला, माईक हिसकावला आणि म्हणाला, "भरून आलं त्याला. चेंडू सुटेना. आणि आई उठली मुलासाठी." मागे निसटलेलं अडवायचं, हेच त्याचं आयुष्यभराचं काम. त्याने ते चोख केलं.

कसोटीने माईक घेतला. "ऐका," तो म्हणाला. "मला चेंडू टाकताच येत नव्हता. आईसाठी नाही सोडलं मी. माझा हात सुटत नव्हता. आई कधीच बरी झाली होती. ती माझ्यासाठी बसली होती."

"वा," पुढच्या रांगेतले एक आजोबा डोळे पुसत म्हणाले. "किती मोठं मन."

"नाही, अहो, खरंच..."

"स्वतःकडे काही घेत नाही बघा," त्यांच्या शेजारची बाई म्हणाली.

कसोटी आईकडे वळला. पण तिला बायकांनी गराडा घातला होता. कुणी तिच्या पायांकडे बघत होतं, कुणी गुडघे चाचपत होतं. आईने गर्दीच्या वरून मुलाकडे बघितलं आणि खांदे उडवले. बोललास ना, असा त्याचा अर्थ होता. आता मी काय करू.

सोमवारी कचेरीत पैलवानाने फोन काट्यावर ठेवला. "साहेब, पहिल्या नंबरवर."

तीच चित्रफीत, नव्याने केलेली. व्हायोलिनं आता चार होती.

"पैलवान, मी काल काय बोललो ते ऐकलंस ना?"

"शब्द न् शब्द."

"मग?"

"साहेब, माझ्या आईसाठी मी कधी गावाकडची बस पकडली नाही," पैलवान म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "तुम्ही ते स्वतःवर घेतलंत. आम्हाला लाज वाटू नये म्हणून. कळतं आम्हाला."

नव्या कॅशियरने मान डोलावली. त्या दिवसापासून कचेरीत एक बदल झाला. कसोटीला काही द्यायचं असलं तर लोक फेकायचे नाहीत. उठून यायचे आणि दोन्ही हातांनी ठेवायचे.

आई आता रोज संध्याकाळी चालायला जायची. वळणापुढे काय होतं ते तिने घरी येऊन सांगितलं: एक पेट्रोल पंप, एक बंद पडलेलं थिएटर, आणि एक बाक, ज्यावर तिच्यासारख्या दोघी बसतात आणि सुनांची नालस्ती करतात. "मलाही आता यादी करावी लागेल तुझी," ती सुनेला म्हणाली. सून म्हणाली, "करा, पण खरी करा." व्हीलचेअर खिडकीतच होती. दमून आलेला कसोटी कधीकधी तिच्यात बसायचा. खोलीतली हवा तिथेच बरी लागायची.

असाच एकदा बसला असताना आई बाहेर पडली आणि चार पावलांवरून परत वळली.

"अरे, माझा चष्मा राहिला. टेबलावर आहे बघ. दे टाकून."

चष्मा डबीत होता. कसोटीने डबी घेतली, उठून गजांपाशी आला. आई रस्त्यावर, तीन हातांवर, ओंजळ धरून उभी. पलीकडे वळणावर न्हावी गिऱ्हाइकाच्या मानेला वस्तरा लावून इकडेच बघत होता.

"फुटेल," कसोटी म्हणाला.

"फुटू दे. दुसरा करू."

त्याने डावा हात कोपरापर्यंत गजांमधून बाहेर काढला. मूठ डबीवर होती. आई थांबली. तिने घाई केली नाही, 'सोड' म्हणाली नाही. ओंजळ दुखायला लागली तेव्हा ती खाली घेतली, पुन्हा धरली. रस्त्यावरून एक सायकल गेली, एक बाई भाजीची पिशवी सावरत गेली.

"हातात देऊ का?" कसोटीने विचारलं. "दारातून येतो."

आईने त्याच्याकडे बघितलं, मग वळणाकडे. तिकडे दोघी बाकावर येऊन बसल्या असतील.

"राहू दे," ती म्हणाली. "लांबचं दिसतं मला."

आणि ती गेली. हळू, पण न थांबता, डावीकडे, उजवीकडे बघत, न्हाव्याच्या दुकानावरून, वळणावरून.

कसोटीचा हात गजांबाहेरच होता.

"बघा," न्हावी आरशातून गिऱ्हाइकाला म्हणाला. "आई दिसेनाशी होईपर्यंत हात करतो. रोज."